लक्ष्मीच्या जागची सुपारी

या, मायबापहो, असे जवळ सरकून बसा. तिकडे उत्तरेत, हिंदी मुलखातल्या जानकीपुरमला राहणाऱ्या भास्करची गोष्ट सांगतो. एवढीशीच आहे, पण घशाशी अडकेल.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. शेजारच्या मधुमतीकाकूंच्या देवघरापुढे भास्कर बसला होता आणि हातातल्या वाटीतला शिरा काही संपत नव्हता. चौरंगावर दरवर्षी काकूंचा चांदीचा रुपया असायचा. आज तिथे विड्याच्या पानावर सुपारी होती; मूर्ती नसली की देवाच्या जागी मांडतो ना आपण, तशी.

रुपया भास्करच्या खिशात होता.

बँकेतून रिटायर झाल्यापासून त्याला नाद एकच, इंग्रजी अमदानीतली नाणी. चौकातल्या सराफांकडे खेटे घालघालून अल्बम भरला होता. एकोणीसशे एकोणचाळीसच्या रुपयाचा कप्पा तेवढा रिकामा; त्या सालचा रुपया फार दुर्मीळ. आणि गेल्या आठवड्यात काकूंनी पूजेतला, सासूबाईंकडून मिळालेला रुपया दाखवला, तर साल नेमकं तेच!

"असले ढिगानं मिळतात, काकू," तो बोलून गेला. "पाचशे देतो. माझ्या संग्रहाला होईल."

काकूंनी लगेच त्याच्या तळहातावर ठेवला.

नेमकी किंमत कळावी म्हणून त्यानं मुंबईच्या एका लिलाववाल्याला फोटो पाठवला. आज दुपारी फोन आला: बोली दोन लाखांच्या पुढे जाईल.

"दादी, अंकल को और शीरा दो ना," काकूंची नात शर्वरी हसत म्हणाली, "घी तो इन्हीं के पैसों का है!"

"घे रे बाळा. त्या पाचशेतूनच केलाय प्रसाद," काकू म्हणाल्या. "दुसऱ्या कुणी म्हातारीला फसवलं असतं. तू आपला खरं ते सांगून मोकळा झालास."

भास्करनं वाटी खाली ठेवली. खिशातला रुपया काढून चौरंगावर ठेवला.

"खोटं बोललो, काकू. लाखांचा आहे हा. दुर्मीळ आहे हे मला तेव्हाच ठाऊक होतं."

शर्वरीचं हसू विरलं. काकूंनी समईची वात पुढे सारली. चार शब्द सुनावले असते तर सुटला असता बिचारा! त्यांनी सुपारी उचलली, पानावर रुपया ठेवला, हळदकुंकू वाहिलं. मग ती सुपारी त्याच्या ओंजळीत दिली.

"लक्ष्मी नव्हती तेव्हा हिनं जागा राखली. घरी घेऊन जा, भास्करराव."

या वेळी ‘बाळा’ म्हणाल्या नाहीत.

सुपारी अजून अल्बमच्या त्या कप्प्यात आहे. अल्बम नीट मिटत नाही.

मायबापहो, पुढच्या वेळी पानावर सुपारी मांडाल, तेव्हा मधुमतीकाकूंची आठवण करा. आणि हात जोडलेलेच असतील, तर भास्करसाठीही क्षणभर तसेच राहू द्या.