कात्रीची कळ

माझी अक्षरं पुसून गेली आहेत, त्यामुळे मी कोण ते मलाच सांगावं लागतं. मित्रांनो, लग्नाच्या फिल्म जोडणाऱ्या एका ताईचा मी जुना कीबोर्ड आहे. माझ्या एका कळेवर तिने कात्रीचं चित्र चिकटवलं होतं. ती दाबली की पडद्यावरचा शॉट कापला जाई. ताई गाणं ऐकत, मान डोलावत, बरोबर ठेक्यावर ती कळ दाबायची. लोक तिच्या हाताचं कौतुक करायचे. हात तिचा असला तरी कळ माझी होती, म्हणून त्यातला थोडा वाटा मी गुपचूप ठेवून घेई.

एक दिवस कॅमेरा चालवणारा तिचा दादा माझ्यापुढे येऊन बसला आणि भलतंच काही टाइप करू लागला. ना शॉट, ना गाणं, नुसते कंस आणि आकडे. माझ्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली.

"स्क्रिप्ट आहे ही, कॉम्प्युटरला काम सांगणारा छोटा प्रोग्रॅम," तो ताईला म्हणाला. "गाण्यातले ठेके हीच शोधणार, जिथे हालचाल जास्त ते तुकडे हीच निवडणार आणि कच्चं एडिट जोडून देणार. तू फक्त शेवटचा हात फिरव."

म्हणजे माझा काटा काढायचं काम त्याने माझ्याच कळांकडून करून घेतलं! पहिलं एडिट चहा निवायच्या आत तयार झालं. ताई खूश झाली. माझ्यात बिस्किटांचा चुरा साचू लागला, पण तो कोणी झटकेना. मी मात्र त्या स्क्रिप्टवर पाळत ठेवून होतो. इतकं झटपट होतंय म्हणजे काहीतरी गाळलं जात असणार, असा माझा दाट संशय होता.

तो खरा ठरला तेव्हा मला आनंद झाला नाही. एक नवी नवरी आपली फिल्म बघायला आली. पडद्यावर सगळे तालात नाचत होते आणि ती प्रत्येक शॉटमध्ये कोणालातरी शोधत होती.

"माझे बाबा कुठेत?" तिने विचारलं. "सासरच्यांनी काढायला सांगितलं ना? आजारी माणूस बरा दिसत नाही म्हणून? खरं सांगा ताई, मी आज घरी जाऊन विचारणार आहे."

"अगं नाही गं, कोणी काही बोललं नाही!"

तिचा विश्वास बसेना. ती तशीच घरी गेली असती तर नव्या संसारात ठिणगी पडली असती. ताईने घाईने मूळ शॉट उघडले. बाबा होते, चाकांच्या खुर्चीत, पक्षाघातामुळे अगदी स्थिर. हालचाल नाही म्हणून स्क्रिप्टने त्यांना दरवेळी वगळलं होतं.

"मी न बघताच पुढे दिलं. चूक माझी आहे," ताई म्हणाली.

तिने गाणं लावलं. बाबा लेकीचा नाच बघत होते. ताईचं बोट कात्रीवर आलं. मी तयार होतो. एक ठेका गेला, दुसरा गेला, पण बोट नुसतंच टेकलेलं राहिलं. बाबांचा अर्धा चेहरा हलत नव्हता. उरलेल्या अर्ध्यावर हसू यायला बराच वेळ लागला, पण आलं.

"असंच राहू दे," नवरी रडत म्हणाली. "घरी सगळ्यांना दाखवते."

मित्रांनो, दादाने स्क्रिप्ट सुधारली म्हणे. माझा अजून भरवसा नाही. तिला खुशाल कामाला लावा, पण तिने गाळलेलं एकदा स्वतः बघत जा. आणि माझ्यातला चुरा झटकाल तेव्हा कात्रीची कळ जरा जपा. तिने जो शॉट कापला नाही, तो मला अजून पाठ आहे.