तिसऱ्या दिवशी पाणी

पाणीपुरवठा विभागाच्या पंप दुरुस्ती कार्यशाळेचा प्रमुख म्हणून माझी नेमणूक झाली, त्याला आता बावीस वर्षे होतील. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला कोणतेही काम टप्प्यांत मांडल्याशिवाय चैन पडत नाही. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी सहा पानांचे परिपत्रक काढले. त्यात कार्यशाळेचे ध्येय, तीन उद्दिष्टे, नऊ उपउद्दिष्टे आणि शेवटी एक तक्ता होता. सर्वांत ठळक ओळ होती, दरमहा चाळीस पंपांची दुरुस्ती. तो आकडा मी दारासमोरच्या फळ्यावरही लिहून घेतला.

चाळीस झाले. पहिल्या महिन्यात एक्केचाळीस, दुसऱ्यात त्रेचाळीस. मी अभिमानाने अहवाल वर पाठवत होतो आणि वरून नागरिकांच्या तक्रारींच्या प्रती येत होत्या. चौथ्या महिन्यात पत्रच आले. तक्रारी पाहता हे काम बाहेरच्या ठेकेदाराकडे सोपवण्याचा विचार असून, तीन महिन्यांनी समिती पाहणी करून निर्णय घेईल, असे त्यात म्हटले होते. कार्यशाळा बंद झाली असती तर अकरा कारागीर विखुरले असते. कोणी फायली उचलायला, कोणी मीटर वाचायला गेला असता. वीस-वीस वर्षे हातात बसलेले कसब मातीमोल झाले असते.

पत्रापाठोपाठ मुख्य अभियंता स्वतः आल्या. सारा विभाग त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत असे. त्यांनी फळा वाचला आणि त्या थेट मागच्या शेडमध्ये गेल्या. तिथे ताडपत्रीखाली एक मोठी मोटर पडली होती.

“ही कधीची?”

“एकोणीस दिवस झाले,” मी म्हणालो. “जळलेली आहे, आतल्या तारेची सगळी गुंडाळी नव्याने करावी लागेल. तेवढ्या वेळात सहा छोटे पंप निघतात.”

“आलीय कुठून?”

मला तिचा नोंदणी क्रमांक पाठ होता. तो मी सांगितला.

“टेकडीवरच्या वसाहतीतून, बाई,” मागून फिटर बोलला. त्याला सगळे ‘हातोडी’ म्हणत. त्याचे बोलणेही तसेच होते. “माझी मेहुणी राहते तिथं. एकोणीस दिवस टँकरपुढं रांगेत उभी आहे. घरात मला तोंड दाखवायची सोय राहिली नाही.”

“मग हातात का नाही घेतली?”

“घेतली असती. पण साहेबांचे चाळीस कोण भरणार?”

बाईंनी मोटरींची गुंडाळी करणाऱ्या वयस्क कारागिराला, तारकाकांना विचारले, “काका, या कार्यशाळेचं काम काय?”

“चाळीस,” काका म्हणाले.

भांडार सांभाळणाऱ्या कुलूपकाकांना विचारले. ते म्हणाले, “सामान कमी पडू द्यायचं नाही.”

“म्हणून ते कुणाला देतच नाहीत,” हातोडीने पुस्ती जोडली.

“परिपत्रकात काय लिहिलंय?” बाईंनी विचारले. कुलूपकाकांनी बेअरिंगचा खण ओढला. तळाला माझे चौथे पान अंथरलेले होते. तेलाने ते इतके पारदर्शक झाले होते की उपउद्दिष्टे मागूनही वाचता येत होती.

माझ्या खोलीत आल्यावर बाईंनी दार लावून घेतले. मी बोलणी खाण्याच्या तयारीने उभा होतो.

“बसा,” त्या म्हणाल्या. “परिपत्रक मी पूर्ण वाचलंय. बहुतेक मी एकटीनंच. या माणसांनी तुमचा शब्द तंतोतंत पाळलाय. चाळीस म्हणालात, चाळीस दिले. आता पाळण्याजोगा शब्द द्या. एकच वाक्य. तारकाकांना घरी जाऊन बायकोला सांगता येईल असं. आणि आकडा तुम्ही ठरवू नका, त्यांना ठरवू द्या.” जिना उतरताना त्यांनी सहज सांगितले, की ही तीन महिन्यांची मुदत त्यांनी स्वतःच्या शब्दावर मिळवली होती.

संध्याकाळी मी कागद घेऊन बसलो. पत्नी भाजी निवडत होती. मी वाचले, “उपलब्ध साधनसामग्रीचा पर्याप्त वापर करून—”

“अहो, मला जांभई आली.”

“बरं, हे ऐक. नागरिकांना दर्जेदार व तत्पर सेवा.”

“हे तर केस कापायच्या दुकानावरपण लिहिलेलं असतं.”

“मग तूच सांग!”

“मला काय कळतंय तुमच्या पंपांतलं? नळ कोरडा पडला की मी एवढंच विचारते, पाणी कधी येणार?”

मी कागदावरचे सारे खोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सर्वांना फळ्यासमोर बोलावले आणि चाळीसचा आकडा त्यांच्यादेखत पुसला. म्हणालो, “पंप बंद पडला की तिथले नळ कोरडे होतात. त्या दिवसापासून पाणी परत कधी पोचलं, इतकंच आपण मोजायचं. किती दिवसांत पोचवायचं, ते तुम्ही सांगा.”

मग एकच गलका झाला.

“एक दिवस!” हातोडी ओरडला.

“तुझ्या मेहुणीसाठी माझं वॉर्निश लवकर वाळणार आहे का?” तारकाका म्हणाले. “जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची, वॉर्निश पाजायचं, भट्टीत सुकवायचं. चार दिवस. त्यात एक तासही कमी नाही.”

“तीन होतील,” कुलूपकाका कोपऱ्यातून म्हणाले. “भंगारात सात मोटरी पडल्यात. वरची कवचं धड आहेत. आधीच गुंडाळून ठेवा, जळकी आली की अदलाबदल करा.”

“आणि तार कोण देणार?”

“मी देईन.”

“सही?”

“सही मागाहून.”

“अरे, कुणीतरी आजची तारीख लिहून ठेवा रे!” हातोडी म्हणाला. तीन सह्यांवाचून साधा नट न सोडणारे कुलूपकाका स्वतःही हसले.

तिसरा दिवस ठरला. प्रत्येक पंपाला पूर्वी क्रमांकाची चिठ्ठी असे; आता तिच्यावर वस्तीचे नाव, घरांची संख्या आणि पाणी बंद झाल्याची तारीख लिहायची, ही सूचना तारकाकांची. मी फक्त चिठ्ठ्यांचा नमुना आखला. अदलाबदलीला अजून काही तयार नसल्याने टेकडीवरची मोटर चार दिवसांत निघाली आणि ती बसवायला हातोडी हट्टाने स्वतः गेला.

परंतु महिन्याअखेर मी मोजणी केली. अवघे एकोणतीस पंप. पुढच्या महिन्यात एकतीस. मोठ्या मोटरींना वेळ लागतो आणि समिती तर आकडे पाहणार होती. जुन्या पद्धतीवर परतावे, असे दोनदा मनात आले. दोन्ही वेळा, दुरुस्त झालेल्या पंपांच्या भिंतीवर लावून ठेवलेल्या चिठ्ठ्या वाचल्या आणि तो विचार सोडला.

समिती आली. अध्यक्षांनी माझे तक्ते चाळले. “चाळीसचे एकोणतीस? याला सुधारणा म्हणायचं?”

मी दहा पानी स्पष्टीकरण उघडले. बाई म्हणाल्या, “साहेब, आधी काकांना विचारू या.”

तारकाका हात पुसत पुढे आले. “नळ बंद पडला की तिसऱ्या दिवशी पाणी. तेच आमचं काम. बागेतले पंप मागं राहिलेत, खरं आहे. पण कारंजं कुणी पीत नाही.”

“आणि तीन दिवसांत झालं नाही तर?”

“दोनदा नाही झालं. एकदा बेअरिंग मिळालं नाही. एकदा चूक माझी. गुंडाळीत एक जोड उलटा दिला. कालव्यापलीकडची चारशे दहा घरं पाच दिवस पाण्यावाचून राहिली.”

अध्यक्षांनी तक्ते मिटले. “तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं, तरी चूक सांगितलीत.”

“विचारलंत की आत्ता,” काका म्हणाले.

तासाभराने निर्णय कळला. ठेक्याचा प्रस्ताव रद्द झाला, कार्यशाळा राहिली. मी बाईंच्या गाडीपर्यंत धावत गेलो. आभार मानू लागलो. त्या म्हणाल्या, “माझे नंतर माना. आत जा, ते वाट बघताहेत.”

आत अकराही जण उभे होते. मी निर्णय सांगितला. मग जे मी आजवर हाताखालच्या माणसांना कधी म्हणालो नव्हतो ते म्हणालो, “मी तुमचा फार ऋणी आहे.”

हातोडी एक पाऊल पुढे आला.

“साहेब,” त्याने काळजीने विचारले, “तब्येत बरी आहे ना?”

हसण्याने छपराचे पत्रे दणाणले. मीही हसलो, डोळे मात्र पुसावे लागले. तारकाकांनी आपल्या बाकावरची तार बाजूला सारून मला जागा करून दिली. “बसा साहेब. चहा येईपर्यंत जोड कसा देतात ते बघा. पदविकेत शिकवलं नसेल.”

मी बसलो. त्यांनी माझ्या हातात तार दिली.