ई ड्राइव्हवर आधी कोण बसलं

ताईच्या नाचाच्या क्लासचं भवितव्य त्या संध्याकाळी माझ्या लॅपटॉपला अडकलेलं होतं, आणि त्याची वाट लावली भावजींनी.

ताई घरातच सोफा उभा करून मुलींना शिकवते. खालच्या शेजाऱ्यांनी निर्वाणीचा इशारा दिला होता. आज क्लासचा कार्यक्रम होता त्या सभागृहाच्या व्यवस्थापिकाबाई म्हणाल्या होत्या, कार्यक्रम आवडला तर क्लाससाठी मागची खोली देईन. नाहीतर क्लास बंद. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, चेहरा इस्त्री केलेला.

गाण्यांचा पेनड्राइव्ह मी घरी लावला तेव्हा कॉम्प्युटरने त्याला ई हे अक्षर दिलं. मी गाण्यांची यादी त्याच पत्त्यावर बांधली: ई मधलं एक, ई मधलं दोन. पण कॉम्प्युटरला कोण आलंय याच्याशी देणंघेणं नसतं. आधी येईल त्याला रिकामं अक्षर. भावजी वॉशिंग मशीन दुरुस्त करतात आणि बिघडलेल्या मशीनचे आवाज टिपून ठेवतात. त्या फायलींची नावंही एक, दोन, तीन. मला न विचारता त्यांनी आपला रेकॉर्डर चार्जिंगसाठी लॅपटॉपला लावला आणि ई बळकावलं. मागून आलेल्या पेनड्राइव्हला एफ मिळालं. मी बघितलंही नाही, मी ना फार शहाणी.

पडदा उघडला. मी एक नंबर लावला. धडक्‌-घुर्र, धडक्‌-घुर्र. गाण्याच्या जागी भावजींचं बिघडलेलं मशीन.

ताईची मुलींना एकच ताकीद असते, गाणं अडलं तरी पाय अडता कामा नयेत. मुली नाचायला लागल्या. मी वायर उपटायला धावले, तर विंगेतून ताईने डोळे वटारले. पाय त्या खडखडाटावर चपखल बसले होते. मशीन कपडे पिळायला लागलं तशा गिरक्यांना ऊत आला. लोक टाळ्यांनी ठेका धरत होते. मी टेबलाखाली बसून हसत होते, पोट दुखेपर्यंत.

पडदा पडताच बाई विंगेत आल्या. आवाज कुणाचा, त्यांनी विचारलं. भावजी चाचरत म्हणाले, दुरुस्तीला आलेल्या एका मशीनचा आहे, बेअरिंग गेलंय.

"एका नाही, माझ्याच," बाई म्हणाल्या. "घरी त्याने रोज डोकं उठायचं. आज पहिल्यांदा नाचावंसं वाटलं."

आणि त्यांनी ताईच्या हातात खोलीची किल्ली ठेवली.