हॉगनांच्या ओसरीखालची स्कंक

मी एक जुना पिंजरा आहे. लगेच नाकं दाबू नका! वास येतो, मला ठाऊक आहे. मित्रांनो, अकरा वर्षं ज्याच्या पोटात स्कंक कोंडले, त्याला अत्तराचा वास कुठून येणार?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या वर्लिन हॉगन या म्हाताऱ्या ट्रकचालकाने मला स्वतः बनवलं. बाजूंना तारेची जाळी, तळाला पत्रा. स्कंक म्हणजे मांजराएवढं, काळं, पाठीवर पांढरे पट्टे असलेलं जनावर. शेपटी उचलून घाण वासाची पिचकारी मारली, की आठवडाभर घास घशाखाली उतरत नाही. शिवाय ते अळ्यांसाठी अंगणातली हिरवळ उकरतं. त्यामुळे वर्लिनचं त्याच्याशी उभं वैर होतं.

सगळी गल्ली मला उसनं नेई. इथे शेजाऱ्याचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही, त्यात केक नाहीतर बिस्किटं घालून देतात. मला मात्र न धुताच कुंपणावरून फेकत. मेले कृतघ्न!

गेल्या मे महिन्यात हॉगनांच्या लाकडी ओसरीखालच्या पोकळीत एक स्कंक राहायला आली. वर्लिनने माझ्यात डब्यातले मासे ठेवले. सकाळी ती आत सापडली. मग वर्लिन जुनं ब्लँकेट पुढे धरून एकेक पाऊल टाकत आला. अंधार केला की स्कंक सहसा पिचकारी मारत नाही, म्हणून मला नेहमी असं झाकतात.

"पोरी, आता तुझी वरातच काढतो," तो दबक्या आवाजात म्हणाला.

त्याची बायको आर्लिस खिडकीतून ओरडली, "आधी ओसरीखाली बॅटरी मारून बघ. पिल्लं असतील."

"असली तर तूच पाळ!"

ब्लँकेटखाली काय आहे ते फक्त मला कळलं. तिची आचळं भरलेली होती. दूध माझ्या पत्र्यावर ठिबकत होतं. गाडीत वीस मैल ती जाळीवर डोकं आपटत राहिली. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती! वर्लिनने तिला नदीकाठी सोडलं आणि घरी येऊन, जेवायच्याही आधी, ओसरीची फट फळ्या ठोकून बंद केली.

दुसऱ्या दिवशी फळ्यांमागून बारीक आवाज येऊ लागला.

"उंदीर आहेत," वर्लिन म्हणाला.

आर्लिस मला धुवायला आली. पत्र्यावरचा पांढरा डाग तिने नखाने खरवडला, आणि तिचा चेहराच उतरला.

"दूध आहे हे, वर्लिन! पहार आण. नाहीतर सगळी ओसरी पाडते बघ."

पाच पिल्लं निघाली. तीन गार पडली होती. दोन अजून तोंडं उघडत होती. रविवार होता, जनावरांच्या दवाखान्यात कुणी फोन उचलेना. वर्लिनने मला गाडीत टाकलं, आई परत सापडावी म्हणून नदीकाठी मांडलं आणि ती दोन पिल्लं आपल्या टोपीत घालून माझ्या दाराशी ठेवून लांब जाऊन बसला.

उन्हं कलताना ती आली! पिल्लं चिरकली. ती धावत निम्म्यापर्यंत पोचली. मग तिने मला पाहिलं, आणि जागच्या जागी थिजली. वर्लिन मला उचलून न्यायला धडपडत उठला, तशी ती गवतात पळाली. पुन्हा फिरकली नाही.

मित्रांनो, मला हव्या तेवढ्या शिव्या द्या. पण फळी ठोकण्याआधी एकदा गुडघे टेकून आत बघा. वर्लिनने गुडघे टेकले ते दुसऱ्या दिवशी, पाचही पिल्लांसाठी खड्डा खणायला.