शाल विसरू नये

"काका, एवढंच वाचायचं. शेवटचं ते वाक्य आमच्या कागदात नाहीये," असं म्हणत नव्या साहेबांनी अण्णांच्या पुढ्यात छापील कागद ठेवला. साहेब वयाने माझ्याहून लहान, बोलायला मऊ. राग धरावा असं त्यांच्यात काही नव्हतं, तरी मी धरला.

अण्णा म्हणजे माझे वडील. आमच्या डोंगरातल्या गावाला रोज सकाळी हवामान सांगायचं, ही त्यांची नोकरी. अंदाज मुख्य कचेरीतून फोनवर यायचा. पण आत्ता, या घडीला बाहेर काय चाललंय, ते अण्णा स्वतः ठरवायचे. अंगणातल्या पांढऱ्या पेटीतला पारा बघायचे, पावसाचं माप रिकामं करायचे, घाटमाथ्याकडे डोळे बारीक करून उभे राहायचे आणि मग आत येऊन मायक्रोफोनवर बोलायचे. समोरच्या बसस्टँडवरच्या कर्ण्यातून ते गावभर ऐकू जायचं. गाव त्या आवाजाच्या भरवशावर धुणी वाळत घालायचं. आजचं त्यांचं शेवटचं. उद्यापासून यंत्रच मोजणार होतं आणि यंत्रच बोलणार होतं.

आणि ते वाक्य म्हणजे, "वरच्या वस्तीत जाणाऱ्यांनी शाल विसरू नये." गावाला वाटायचं, हा खात्याचाच नियम असणार. खरी गोष्ट आमच्या उंबऱ्याबाहेर गेली नव्हती.

आई वरच्या वस्तीतल्या दवाखान्यात नर्स होती. खाली आमच्याकडे लख्ख ऊन असलं तरी वर धुकं हाडात शिरायचं, आणि आई एक नंबरची विसरभोळी. एकदा दोघांचा अबोला झाला. कशावरून ते विचारू नका, पुढे दोघांनाही आठवेना. माझा मात्र पोस्टमन झाला होता. 'सांग तुझ्या वडिलांना, चहा झालाय.' 'सांग तुझ्या आईला, दिसतोय.' त्या दिवशी सकाळी आई तणतणत निघून गेली आणि शाल खुंटीवरच राहिली. अण्णांना कचेरीच्या खिडकीतून ती बसमध्ये बसलेली दिसत होती, खांद्यावर काही नाही. हाक मारावी तर अबोला मोडणार, न मारावी तर ही वर कुडकुडणार. वारा सांगून झाला, धुकं सांगून झालं आणि अण्णांनी सरकारी आवाजात ते वाक्य ठोकून दिलं.

आई उतरून घरी आली. मी दारातच होते. शाल ओढून घेत ती मला म्हणाली, "सांग त्यांना, ऐकू आलं." बस तिच्यासाठी थांबली होती.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी ते पुन्हा म्हटलं, मग ते राहिलंच. आई निवृत्त झाली, पुढे आई गेली, वाक्य राहिलं. माहेरी आले की त्यासाठी मी लवकर उठायचे. रोज एकदा तरी कुणीतरी माझ्या आईशी बोलतंय, एवढं मला पुरायचं.

अण्णांनी चष्मा पुसला आणि कागद वाचला. गावात आकाश निरभ्र, घाटमाथ्यावर दाट धुकं, दुपारनंतर वारा वाढेल. मग ते थांबले. त्यांचा श्वासही कर्ण्यातून गावाला ऐकू गेला असणार. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा ना अण्णा, आज कोण तुमचं काय वाकडं करणार आहे.

"नमस्कार," अण्णा म्हणाले आणि त्यांनी बटण बंद केलं.

मला भरून आलं आणि चीडही आली. एकदा म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं, असं मी साहेबांच्या देखत विचारलं.

"साहेबांचं बरोबर आहे गं. ते हवामान नव्हतंच," अण्णा म्हणाले. मायक्रोफोनवर त्यांनी नेहमीसारखं फडकं घातलं. "माझं होतं. जाताना घेऊन जातो."

साहेबांनी छापील कागदाची घडी घातली. मी खिडकीशी गेले.

वर जाणारी बस अजून उभीच होती. इंजिन सुरू होतं, पण ड्रायव्हर मान बाहेर काढून कर्ण्याकडे बघत होता. पाठीमागे माणसंही तशीच वर बघत होती. ड्रायव्हर नवीन होता. आईला त्याने कधी पाहिलंही नसेल. थोडा वेळ वाट बघून तो मागे वळला आणि मोठ्याने म्हणाला, "वर जाणाऱ्यांनी शाली घेतल्यात ना?"

खिडकीशी बसलेल्या एका बाईने स्वतःचे खांदे चाचपले. ती घाईघाईने उतरली आणि गल्लीत पळाली.

अण्णा केव्हा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, मला कळलं नाही.

"चुकणार तिची बस," मी म्हणाले.

"नाही चुकायची," अण्णा म्हणाले.

बाहेर ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.