न दाबलेलं एंटर

"बोटवाल्यांचं मशीन गेलंय म्हणे," रोसेंदा तुमुलाक खुर्चीतूनच म्हणाली. त्या 'म्हणे'वर तिने असा जोर दिला, की शेजारच्या दोघींनी एकमेकींकडे पाहून ओठ दाबले. म्हणणारं कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. नेरिसाचा पहारेकरी.

सेबू शहरातल्या त्या ऑफिसातल्या कामाची गंमतच अशी होती, की एकेका मोठ्या मशीनच्या पोटात वीस-पंचवीस आभासी मशीनं चालत, आणि प्रत्येकाला वाटे, आपणच काय ते खरं. आतल्या एखाद्याची सिस्टीम कोसळली तरी बाहेर हिरवा दिवा तसाच. मेलेलं मशीन खुशाल जागा अडवून बसलेलं. ते ओळखायचं कसं? तर इतकी वर्षं रोसेंदा ओळखायची. एकेकाचा पडदा उघडून आत डोकावायची. निळं पान दिसलं, नाहीतर पांढऱ्या अक्षरांची गिचमीड दिसली, की शांतपणे म्हणायची, "हे गेलं बरं का." नवे लोक तिला 'आते रोसेंदा', म्हणजे रोसेंदाताई म्हणत, गावाहून येताना तिच्यासाठी सुकी मासळी आणत.

आणि नेरिसा ओंपाड, जी तिच्याबरोबर एकाच दिवशी नोकरीला लागली, तिच्याच डब्यातलं जेवली, तिने एक प्रोग्राम लिहिला. आतल्या प्रत्येक मशीनने ठरल्या वेळाने 'मी आहे' अशी हाक द्यायची. हाक थांबली आणि डिस्कवरचं लिहिणं-वाचणंही थांबलं, की पहारेकरी लाल ओळ दाखवणार. ऑफिसप्रमुख बर्नाबे सरांनी मनिलाहून आलेल्या साहेबांपुढे नेरिसाला उभं केलं, टाळ्या झाल्या. रोसेंदानेही वाजवल्या. त्या दिवशी घरी जाऊन ती जेवली नाही. जळफळाट म्हणजे काय, ते तिला या वयात कळलं.

तरी एक गोष्ट तिच्या हातात राहिली होती. लाल ओळ आली की आधी रोसेंदाने पडदा बघायचा, तिने 'गेलं' म्हटल्यावरच मशीन पुन्हा चालू करायचं.

ती उंडासच्या, म्हणजे मृतांच्या सणाच्या, आदल्या दिवसाची सकाळ होती. सगळं शहर आपापल्या बेटाकडे, आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावायला निघालेलं. बोटीच्या प्रवाशांची यादी बोटवाल्यांच्या या मशीनवर निघे, आणि छापील यादी हातात पडल्याशिवाय तटरक्षक बोट सोडत नसत.

रोसेंदाने पडदा उघडला. काळा पडदा, नाव विचारणारी ओळ आणि तिच्यापुढे लुकलुकणारी बारीक पांढरी रेघ. तिला मनापासून हसू आलं.

"डोळे मिचकावतंय की चांगलं. आणि म्हणे गेलं."

अशा वेळी ती एकदा एंटर दाबायची. जिवंत मशीन ओळ खाली सरकवतं, मेलेलं सरकवत नाही. आजही बोट तिथवर गेलं. पण ओळ हलली नाही तर? तर नेरिसाच खरी. रोसेंदाने बोट मागे घेतलं आणि 'खोटी ओरड' असं नोंदवून टाकलं. आतून कसं गार गार वाटलं.

थोड्या वेळाने धक्क्यावरून कारकुनाचा फोन आला. "आते, यादी निघेना. लोक अंगावर येतायत."

"प्रिंटर बघा तुमचा."

"प्रिंटर धडधाकट आहे."

"मग वायर बघा. मशीन जिवंत आहे. मी डोळ्यांनी बघतेय ना."

दुसऱ्यांदा फोन आला तेव्हाही ती हेच म्हणाली, फक्त आवाज चढवून.

नेरिसा बैठकीहून परतली ती नारळाच्या झावळीत शिजवलेल्या पुसोभाताच्या दोन पुड्या घेऊन, एक रोसेंदासाठी. तिने लाल ओळ पाहिली, फोनचं कळलं. रोसेंदाला न विचारता तिने मशीन पुन्हा चालू केलं. यादी निघाली. पण तोवर समुद्र खवळला होता, लहान बोटींना बंदी झाली होती. कामोतेस बेटावरची माणसं फुलं मांडीवर घेऊन धक्क्यावरच बसून राहिली.

दुपारी बर्नाबे सरांनी दोघींना बोलावलं. "खोटी ओरड कुणी लिहिलं?"

"पडद्यावर रेघ लुकलुकत होती, सर," रोसेंदाच्या आधी नेरिसाच बोलली. "ती आतली सिस्टीम लुकलुकवत नाही, बाहेरचं मशीन लुकलुकवतं. आतलं मेलं तरी ती चालूच. कुणीही फसलं असतं."

"मग पडदे बघून उपयोग काय?" सर म्हणाले. "बंद करा ते. आते, तुम्ही उद्यापासून फोन घ्या."

मूग गिळून बसली असती तर रोसेंदा सुटली असती. पण मग इतक्या वर्षांचं बघणं खुळेपणाचं ठरलं असतं, आणि तेही नेरिसाच्या चांगुलपणामुळे. हे तिला सोसवेना.

"पडदा फसवत नाही, सर. मी नेहमी एंटर दाबून बघते. आज नाही दाबलं."

"का?"

"हिचं खरं निघेल म्हणून."

सर खिडकीकडे बघायला लागले. आता नेरिसा चिडेल, चार शब्द सुनावेल, याची रोसेंदा वाट बघत राहिली. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं तिला.

नेरिसाचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, "एंटर दाबून बघतेस? कधी बोलली नाहीस गं." आणि मग सरांकडे वळून, "सर, हे एंटर दाबणं पहारेकऱ्यात घालता येईल."

उंडासची सुट्टी संपवून रोसेंदा कामावर आली. फोनचं टेबल अजून रिकामं झालं नव्हतं, म्हणून ती आपल्याच जागेवर बसली. सवयीने तिने बोटवाल्यांचा पडदा उघडला आणि बोट एंटरकडे नेलं. त्याआधीच ओळ एक घर खाली सरकली. तिने दुसरा पडदा उघडला. तिथलीही ओळ सरकली, मग तिसऱ्यावरची. रोसेंदाने हात मांडीवर घेतले आणि ती बघत बसली.