घाई दाखवायची नाही

ड्रायव्हरकाकांनी तीस वर्षं साहेबांच्या गाड्या चालवल्या. त्या गाड्यांतून साहेबांचा कुत्रासुद्धा फिरला, काकू मात्र एकदाही बसल्या नाहीत. निवृत्त झाल्यावर काकांनी ठरवलं, नवी कोरी गाडी घ्यायची, बायकोला शेजारी बसवायचं आणि तिच्या माहेरापर्यंत स्वतः चालवत न्यायचं. नेमकं त्याच सुमाराला डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं की मागचा पडदा खराब होतोय, इलाज नाही, गाडी चालवणं फार तर वर्षभर.

दुसरा कोणी असता तर त्याने धावत शोरूम गाठलं असतं. पण काका पडले घासाघिशीतले वस्ताद. साहेबांच्या सगळ्या गाड्यांचे भाव त्यांनीच पाडलेले. गिऱ्हाइकाला घाई आहे हे कळलं की विक्रेता डोक्यावर बसतो, हे त्यांचं ठाम मत. म्हणून डोळ्यांचा त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. काकूंनाही नाही, कारण काकूंच्या तोंडात तीळ भिजत नाही.

महिन्यातून दोनदा काका शोरूममध्ये जायचे, चहा प्यायचे, भाव ऐकून उठायचे. विक्रेता दारापर्यंत मागे येऊन भावात थोडा खाली उतरायचा. काकांना वाटायचं, अजून उतरेल. वर्षाअखेरीला जुना माल काढून टाकतात, हेही त्यांना पाठ. मधल्या काळात स्टीअरिंगला हात लागला नव्हता, त्यामुळे डोळे किती गेले हे त्यांनाही उमगलं नाही. नको तेवढं शहाणपण, दुसरं काय.

अकराव्या महिन्यात विक्रेत्याने हात टेकले. इतक्या कमी भावात आजवर कुणाला दिली नाही म्हणाला, आणि ते खरंही होतं.

गाडी न्यायच्या दिवशी काकू ठेवणीतले कपडे घालून पुढे बसल्या. काकांनी आरसे नीट केले, इंजिन सुरू केलं, पहिला गिअर टाकला. समोर फाटक असायला हवं होतं. तिथे नुसतं धुकं होतं.

"चला ना," काकू म्हणाल्या.

काकांनी इंजिन बंद केलं. "मला फाटक दिसत नाही."

काकूंना आधी थट्टा वाटली. मग त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला. "कधीपासून?"

"पहिल्यांदा भाव विचारायला गेलो, त्याच्या आधीच कळलं होतं."

"महाग मिळाली असती तरी चाललं असतं हो," काकू एवढंच म्हणाल्या.

शेवटी विक्रेत्यानेच गाडी घरी पोचवली, काकू पुढे, काका मागे. कुठलं वळण आलं ते काकू वाटभर नवऱ्याला सांगत होत्या.